डिस्क ठणठणीत, तरी डेटाबेस उघडेना

भोसरी एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्याचा ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, एकाच सर्व्हरवर चालतो. विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्ड. डेटा आणि लॉग एसएसडीच्या रेड १० वर (रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एक संच), बॅकअप ई ड्राइव्हवर, म्हणजे रेड १ मधल्या दोन साध्या फिरत्या डिस्कवर. तक्रारी दोन होत्या. दिवसाची तक्रार डिस्पॅचची: जेवणाची सुट्टी झाली किंवा शिफ्ट बदलली, की पहिला जो कोणी ईआरपी उघडेल त्याची स्क्रीन मिनिटभर अडकायची, कधी टाइमआउट येऊन बाहेर फेकायची. एकदा उघडलं की पुढे कसलीच कुरकुर नाही. ई-वे बिल निघाल्याशिवाय ट्रक गेटबाहेर सोडता येत नाही, त्यामुळे बोंब तिथूनच सुरू झाली. डिस्पॅचच्या सुपरवायझरांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "साहेब, आम्ही जेवून आलो की सर्व्हर झोपलेला असतो." दुसरी तक्रार रात्रीची: बॅकअप पहाटेपर्यंत रेंगाळायचा आणि मधूनच फेल व्हायचा.

दोन्ही गोष्टी मुख्य ऑफिसातून नवा सिक्युरिटी एजंट, म्हणजे अँटिव्हायरस, सगळ्या मशीनवर पाठवल्यानंतर सुरू झाल्या, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी खापर डिस्कवर फुटलं, नव्या एसएसडीचं कोटेशनही येऊन पडलं. कारण एवढंच की टास्क मॅनेजरमध्ये एजंट जेमतेम एक-दोन टक्के सीपीयू खाताना दिसत होता. सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा त्रास सीपीयूच्या रकान्यात शोधायची सवय वाईट. फाइल अडवून धरायला सीपीयू लागत नाही.

कोटेशनचा विषय आधी मिटवायचा म्हणून सुरुवात डिस्कपासूनच केली. रेड कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी बघायच्या: एखादी डिस्क डिग्रेडेड आहे का, कॅशेची बॅटरी चांगली आहे का, आणि कॅशे राइट-बॅकवरून (आधी कॅशेत घेऊन मग डिस्कवर लिहिणं) राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) घसरलाय का. बॅटरी गेली की बरेच कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर जातात आणि लिहिण्याचा वेग एकदम पडतो. मग परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये फिजिकलडिस्कचे दोन काउंटर लावले, ॲव्हरेज डिस्क सेक पर रीड आणि सेक पर राइट. आकडा सेकंदांत येतो, ०.००२ म्हणजे दोन मिलिसेकंद. सॅम्पल दर सेकंदाला घ्यायचा. १५ सेकंदांच्या सरासरीत तीन सेकंदांचा झटका विरघळून जातो. एसएसडीवर हा आकडा स्क्रीन अडकलेली असतानासुद्धा दोन मिलिसेकंदांच्या पुढे गेला नाही.

दुसरं माप एसक्यूएलच्या आतून. एसवायएस डॉट डीएम_आयओ_व्हर्च्युअल_फाइल_स्टॅट्स हे फंक्शन प्रत्येक फाइलवर किती रीड-राइट झाले आणि त्यांत एकूण किती मिलिसेकंद वाट पाहिली ते देतं. हे आकडे साठत जाणारे असतात, म्हणून एकदा घेऊन ठेवायचे, काही मिनिटांनी पुन्हा घ्यायचे आणि वजाबाकी करून भागाकार करायचा. नुसता एकदाच घेतलेला आकडा काहीच सांगत नाही.

या दोन मापांची तुलना का करायची? परफॉर्मन्स मॉनिटरचा फिजिकलडिस्कचा आकडा एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या खाली, पार्टिशनच्या थराजवळ मोजला जातो. एसक्यूएलचा आकडा अगदी वरून मोजलेला असतो. वर ८० मिलिसेकंद आणि खाली दोन, तर ७८ मिलिसेकंद मधल्या कोणीतरी खाल्ले. तो मधला कोणी अँटिव्हायरसच असेल असं नाही. शॅडो कॉपीचा (चालू डिस्कची त्या क्षणाची प्रत घेणाऱ्या सोयीचा) ड्रायव्हर, डिस्क एन्क्रिप्ट करणारा बिटलॉकर, बॅकअप सॉफ्टवेअरचा रेप्लिकेशन ड्रायव्हर हे सगळे त्याच वाटेवर बसलेले असतात. पण डिस्क विकत घ्यायची गरज नाही एवढं यातून पक्कं होतं.

आमच्याकडे मात्र दोन्ही आकडे खाली होते. एसक्यूएलच्या एरर लॉगमध्ये ८३३ नंबरचा संदेशही नव्हता. एखादा रीड किंवा राइट १५ सेकंदांहून जास्त अडकला की एसक्यूएल हा संदेश टाकतो. म्हणजे वाचणं-लिहिणं सुरळीत होतं, आणि तरी माणसं मिनिटभर थांबत होती.

उत्तर वेटिंग टास्कच्या, म्हणजे एसक्यूएलमधलं कोणतं काम कशासाठी थांबलंय त्याच्या यादीत सापडलं. सुट्टी संपायच्या वेळी ती यादी काढणारी क्वेरी चालवत राहिलो, तेव्हा अडकलेल्या सेशनपुढे प्रीएम्प्टिव्ह_ओएस_क्रिएटफाइल हा वेट दिसला. एसक्यूएलने विंडोजला 'ही फाइल उघडून दे' असं सांगितलंय आणि उत्तर आलेलं नाही, असा त्याचा अर्थ. इथे अँटिव्हायरसचा संशय बळावतो, कारण स्कॅनर मुख्यतः दोनच क्षणी काम करतो: फाइल उघडताना, आणि काही लिहून झाल्यावर बंद करताना. उघड्या फाइलमधल्या प्रत्येक रीडला तो सहसा हात लावत नाही.

मग बघायचं की या वाटेवर बसलंय कोण. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एफएलटीएमसी फिल्टर्स' एवढं द्यायचं. फाइल सिस्टिमवर बसलेल्या सगळ्या मिनीफिल्टर ड्रायव्हरांची, म्हणजे ॲप्लिकेशन आणि डिस्कच्या मधे बसून फाइलच्या विनंत्या बघणाऱ्यांची, यादी येते: नाव, किती ठिकाणी जोडलेला आहे आणि अल्टिट्यूड. अल्टिट्यूड म्हणजे रांगेतली जागा. मोठा आकडा ॲप्लिकेशनच्या जवळ, लहान आकडा डिस्कच्या जवळ. विनंती वरून खाली जाते, उत्तर खालून वर येतं. कोणत्या कामाच्या ड्रायव्हरने कोणत्या पट्ट्यात बसायचं हे मायक्रोसॉफ्टने वाटून दिलंय. अँटिव्हायरसचा पट्टा ३२०००० ते ३२९९९८, हालचालींवर नजर ठेवणाऱ्यांचा ३६०००० ते ३८९९९९, एन्क्रिप्शनचा १४०००० ते १४९९९९. त्यामुळे ड्रायव्हरचं नाव कितीही अगम्य असलं तरी आकड्यावरून त्याचा धंदा कळतो.

आमच्या यादीत अँटिव्हायरसच्या पट्ट्यात दोघे होते. एक नव्या एजंटचा, दुसरा ३२८०१० वर बसलेला डब्ल्यूडीफिल्टर, म्हणजे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. विंडोज १० किंवा ११ च्या पीसीवर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, त्यामुळे सर्व्हरवरही तसंच होत असेल असं गृहीत धरलं जातं. सर्व्हरवर तसं होत नाही. विंडोज सर्व्हर २०१६ पासून पुढे डिफेंडर आधीपासून चालू असतो आणि दुसरं कोणी आलं तरी जागचा हलत नाही, त्याला हाताने काढावं लागतं. एजंटच्या कन्सोलवर हिरवी खूण, डिफेंडरचीही हिरवी खूण, आणि दोघे एकाच गेटवर. सोसायटीच्या गेटवर दोन एजन्सींचे वॉचमन बसवले आणि दोघांनी आपापल्या वहीत नाव-गाव लिहून घ्यायचा हट्ट धरला, तर दूधवाल्याचं जे होईल तेच इथे फाइलचं होतं. त्यात भर म्हणजे एका अँटिव्हायरसची सर्व्हिस तपासणीसाठी स्वतः फाइल उघडायला गेली, की ते उघडणंही दुसऱ्याच्या नजरेत 'नवीन फाइल उघडली' असंच ठरतं आणि तोही तपासायला धावतो.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "एजंट पाच मिनिटं डिसेबल करून बघा ना." करून बघितलं, फरक पडला नाही, आणि त्यावरून एजंट निर्दोष असा निष्कर्षही काढला गेला होता. कन्सोलवरून रिअल-टाइम बंद केलं की स्कॅनिंग थांबतं, पण ड्रायव्हर रांगेतच असतो. एफएलटीएमसीची यादी डिसेबल करण्याआधी आणि नंतर काढा, तीच येईल. 'एफएलटीएमसी अनलोड' देऊन उतरवायला गेलात तर एजंटचं स्वसंरक्षण नकार देतं, आणि ते योग्यच आहे, नाहीतर कुठलाही व्हायरस हेच करेल. शिवाय आमच्याकडे एकाला बंद केलं तरी दुसरा होताच. खरी चाचणी एकच: अनइन्स्टॉल, रिबूट, आणि यादीतून नाव गेल्याची खात्री. ती डाउनटाइमशिवाय होत नाही, म्हणून त्याआधी पुरावा हवा.

पुरावा विंडोजमध्येच असलेल्या डब्ल्यूपीआर या साधनाने मिळतो. 'डब्ल्यूपीआर स्टार्ट मिनीफिल्टर' देऊन रेकॉर्डिंग सुरू करायचं, त्रास होऊ द्यायचा, 'स्टॉप' देऊन ईटीएल फाइल, म्हणजे त्या नोंदीचा ट्रेस, घ्यायची. मिनिट-दोन मिनिटं पुरेत, फाइल भराभर फुगते. ती सर्व्हरवर उघडायची नाही. आपल्या लॅपटॉपवर विंडोज परफॉर्मन्स ॲनालायझर टाकून तिथे बघायची. त्यात मिनीफिल्टर डिलेज नावाचा आलेख आहे. कोणत्या ड्रायव्हरने, कोणत्या प्रोसेसला, कोणत्या फाइलवर, कोणत्या प्रकारच्या कामासाठी किती वेळ अडवलं हे तो रकान्यांत मांडतो. आमच्या ट्रेसमध्ये सगळा उशीर क्रिएट, म्हणजे उघडण्याच्या कामावर होता, फाइल एकाच डेटाबेसची एमडीएफ (डेटाची) आणि एलडीएफ (लॉगची), आणि दोन्ही फिल्टरांच्या नावावर मोठमोठे आकडे. फक्त डिफेंडरवर संशय असेल तर याहून सोपी वाट आहे: पॉवरशेलमध्ये न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंगने नोंद घ्यायची आणि गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्टला टॉपफाइल्स व टॉपप्रोसेसेस मागायचे.

प्रोसेस मॉनिटर बरेच जण आधी उघडतात. तो ३८५२०० वर, म्हणजे अँटिव्हायरसच्या वर बसतो, त्यामुळे त्याच्या ड्युरेशन रकान्यात खालच्या सगळ्यांनी घेतलेला वेळ मिसळलेला असतो. उशीर झाला एवढं कळतं, कोणी केला ते कळत नाही. त्याच्या स्टॅक टॅबमध्ये अँटिव्हायरसचं नाव दिसलं नाही म्हणून त्याला सोडून देऊ नका. तिथे विनंती कुठून आली तो वरचा रस्ता दिसतो, खाली तिला कोणी अडवलं ते नाही.

पण एक प्रश्न राहिलाच. एसक्यूएल डेटाबेसची फाइल सर्व्हिस सुरू होताना एकदा उघडतो आणि धरून ठेवतो. मग ही फाइल दुपारी जेवणानंतर पुन्हा का उघडली जातेय? एरर लॉगमध्ये 'स्टार्टिंग अप डेटाबेस' ही ओळ दिवसातून कितीदा तरी, त्याच एका डेटाबेससाठी. एसवायएस डॉट डेटाबेसेसमध्ये त्याच्यापुढे ऑटो_क्लोज चालू. हा डेटाबेस काही वर्षांपूर्वी एसक्यूएल सर्व्हरच्या एक्स्प्रेस या मोफत एडिशनवर जन्मला होता. एक्स्प्रेसमध्ये नवीन डेटाबेसला ऑटो_क्लोज चालूच असतो, आणि बॅकअप घेऊन स्टँडर्डवर रिस्टोअर केला तरी ही सेटिंग डेटाबेससोबत येते. शेवटचा वापरणारा बाहेर पडला की एसक्यूएल फाइल बंद करतो, पुढचा आला की उघडतो. ईआरपीचे लायसन्स मोजके, त्यामुळे सुट्टीला जाताना सगळे शिस्तीत लॉगआउट करतात. डेटाबेस बंद. परत आल्यावर पहिला माणूस लॉगिन करतो, फाइल उघडते, दोन्ही स्कॅनर तिच्यावर पडतात. सुपरवायझरसाहेबांचं 'झोपलेला असतो' हे निदान तंतोतंत होतं. नव्या एजंटाआधी एकटा डिफेंडर असताना हेच उघडणं काही सेकंदांत उरकत असल्याने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

'अल्टर डेटाबेस, सेट ऑटो_क्लोज ऑफ' एवढ्या एका ओळीला डाउनटाइम लागत नाही आणि ती परत फिरवता येते, म्हणून ती आधी केली, बाकी कशालाही हात न लावता. दोन बदल एकदम केले तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही. डिस्पॅचची तक्रार बंद झाली. खरं तर अनेक ठिकाणी तिकीट इथेच बंद होतं. पण यादीत दोन स्कॅनर तसेच होते, म्हणजे पुढच्या प्रत्येक रिबूटला सगळे डेटाबेस त्याच गेटमधून जाणार होते, आणि रात्रीचा बॅकअप अजून रडतच होता.

मोठं काम गुरुवारी काढलं. भोसरी-पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे सर्व्हर खाली घ्यायला हाच वार. एकच अडचण: महावितरणची देखभालीची कामंही गुरुवारीच निघतात. ड्रायव्हर निघत असताना वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली तर दिवसाचं काम रात्रीपर्यंत जातं. यूपीएसचा रनटाइम आणि जनरेटरचं डिझेल बघूनच सुरुवात करायची.

क्रम असा ठेवला. आधी ताजा फुल बॅकअप, आणि तो या सर्व्हरबाहेर कॉपी करून. मग 'एफएलटीएमसी फिल्टर्स' आणि 'एफएलटीएमसी इन्स्टन्सेस'चं आउटपुट फाइलमध्ये. मग एसक्यूएलच्या सर्व्हिस थांबवून मॅन्युअलवर, म्हणजे रिबूटनंतर त्या आपोआप उठून गोंधळात पडणार नाहीत. मग डिफेंडर काढणं: पॉवरशेलमध्ये अनइन्स्टॉल-विंडोजफीचर, नाव विंडोज-डिफेंडर, आणि रिबूट. डिफेंडरला पॅसिव्ह मोडमध्ये ठेवण्याचा पर्याय असतो, पण तो सर्व्हर डिफेंडर फॉर एंडपॉइंटला जोडलेला असेल तरच. इथे ते सबस्क्रिप्शन नव्हतं. तसा पर्याय वापरलात तर गेट-एमपीकॉम्प्युटरस्टेटसमधल्या एएमरनिंगमोडमध्ये पॅसिव्ह मोड आलंय का ते वाचून खात्री करा.

कोणाला काढायचं, एजंटला की डिफेंडरला, यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. एजंट मुख्य ऑफिसच्या पॉलिसीत आहे, त्याचे लॉग तिकडे बघितले जातात. एक राहिला पाहिजे आणि एकच राहिला पाहिजे.

अनइन्स्टॉल नेहमी त्या उत्पादनाच्या स्वतःच्या अनइन्स्टॉलरने करायचं. घाईला येऊन ड्रायव्हरची एसवायएस फाइल हाताने डिलीट करणारे असतात, आणि त्यांना पुढच्या बूटला ७बी नंबरची ब्लू स्क्रीन भेटते, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. डिव्हाइस कंट्रोल किंवा एन्क्रिप्शनवाली काही सॉफ्टवेअर मिनीफिल्टरशिवाय आणखी एक ड्रायव्हर डिस्कच्या किंवा व्हॉल्यूमच्या क्लासखाली, रजिस्ट्रीतल्या अपरफिल्टर्स या व्हॅल्यूत नोंदवतात. फाइल गेली आणि नोंद राहिली, की विंडोजला डिस्कच चढवता येत नाही. त्या व्हॅल्यूत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ड्रायव्हरही असतात, म्हणून सगळी व्हॅल्यू उडवायची नाही, नको असलेलं एकच नाव काढायचं. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणाऱ्या सॉफ्टवेअरला किती जपून हात लावायचा हे १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने जगाला दाखवलंच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन त्या दिवशी पडल्या. एक फायदा झाला, डाउनटाइम मागितला की मॅनेजमेंट आता 'कशाला' विचारत नाही.

रिबूटनंतर एक डेटाबेस 'रिकव्हरी पेंडिंग'मध्ये गेला, म्हणजे उघडलाच नाही. हे दिसलं की पोटात गोळा येतो आणि हात डिटॅचकडे, म्हणजे डेटाबेस सर्व्हरपासून सोडवून पुन्हा जोडण्याकडे जातो. तिथेच थांबायचं. डिटॅच करू नका, रिपेअर चालवू नका, आधी एरर लॉग वाचा. लॉगमध्ये १७२०४ आणि त्यासोबत ऑपरेटिंग सिस्टिमची एरर ३२ होती: फाइल दुसरी प्रोसेस वापरतेय. एसक्यूएल सुरू झाला त्याच क्षणी एजंट बूटनंतरच्या स्कॅनसाठी त्या एमडीएफवर बसला होता. फाइल शाबूत, फक्त दार बंद. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्सखाली फाइलचं नाव शोधलं की धरणारा दिसतो. ड्रायव्हरनेच धरली असेल तर सिस्टिम, पीआयडी ४ असं दिसतं. स्कॅनर सुटला, 'अल्टर डेटाबेस, सेट ऑनलाइन' दिलं, डेटाबेस आला. हीच एरर ३२ ऐवजी ५ असती तर ती परवानगीची गोष्ट, तिथे आधी फोल्डरचे एनटीएफएस हक्क बघायचे.

हे पुन्हा होऊ नये म्हणून एक्सक्लूजन, म्हणजे ठरावीक फाइल स्कॅनमधून वगळणं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. 'सगळा डी ड्राइव्ह वगळा' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या ड्राइव्हवर शेअर केलेलं एखादं फोल्डर निघालं, की रॅन्समवेअरला घर मिळालं. नुसतं एक्स्टेन्शन सगळीकडे वगळणंही धोक्याचं, बीएके हे बॅकअप फाइलचं एक्स्टेन्शन कुठल्याही फाइलला देता येतं. आम्ही फोल्डर आणि एक्स्टेन्शन जोडून टाकलं: डेटाच्या फोल्डरमधल्या एमडीएफ आणि एनडीएफ, लॉगच्या फोल्डरमधल्या एलडीएफ, बॅकअपच्या फोल्डरमधल्या बीएके आणि टीआरएन (लॉगचा बॅकअप), टेम्पडीबीचं, म्हणजे एसक्यूएलच्या तात्पुरत्या डेटाबेसचं, फोल्डर. शिवाय एसक्यूएलच्या इंजिनची ईएक्सई, प्रोसेस म्हणून, पूर्ण पाथसह. त्या ईएक्सईच्या नावात 'सर्व्हर'मधला दुसरा 'ई' नाही. सवयीने पूर्ण स्पेलिंग टाइप केलं की कन्सोल ते बिनतक्रार स्वीकारतो आणि एक्सक्लूजन कधीच लागू होत नाही. पाथमध्ये एमएसएसक्यूएल१५ येतं ते २०१९ चं. २०२२ वर गेलात की १६ होतं आणि जुनं एक्सक्लूजन मुकाट्याने मरतं. डेटा माउंट पॉइंटवर (फोल्डर म्हणून जोडलेल्या डिस्कवर) असेल तर ड्राइव्हच्या अक्षराने दिलेला पाथ जुळेलच असं नाही, ते उत्पादनाच्या मॅन्युअलमध्ये बघावं लागतं.

एक्सक्लूजन सर्व्हरवर नाही, कन्सोलवरच्या पॉलिसीत टाकायचं. सर्व्हरवर टाकलेलं पुढच्या सिंकला पुसलं जातं. आणि एसक्यूएल सर्व्हरांचा वेगळा ग्रुप करून त्यालाच ती पॉलिसी लावायची. कारकुनाच्या पीसीवर बीएके फाइल वगळण्याचं काही कारण नाही.

लागू झालं का, हे ईआयकार चाचणी फाइलने तपासता येतं. ती ६८ कॅरेक्टरची निरुपद्रवी ओळ आहे आणि सगळे अँटिव्हायरस तिला ओळखतात. बॅकअपच्या फोल्डरमध्ये ती बीएके नावाने ठेवली, तर राहिली पाहिजे. तिथेच टीएक्सटी नावाने ठेवली, तर उडाली पाहिजे. शेजारच्या फोल्डरमध्ये बीएके नावाने ठेवली तरीही उडाली पाहिजे. तिन्ही उत्तरं बरोबर आली तरच एक्सक्लूजन नेमकं. प्रोसेसच्या एक्सक्लूजनची परीक्षा मात्र अशी होत नाही, त्याला पुन्हा मिनीफिल्टरचा ट्रेसच घ्यावा लागतो. आणि स्कॅन वगळलं म्हणजे एजंटने आपली डीएलएल एसक्यूएलच्या प्रोसेसमध्ये घुसवणं थांबेल असं नाही. एसवायएस डॉट डीएम_ओएस_लोडेड_मॉड्यूल्समध्ये कंपनीच्या रकान्यात मायक्रोसॉफ्ट सोडून कोण आहे ते बघा. तिथे एजंट दिसला तर त्याच्या सपोर्टकडून ते वेगळं बंद करून घ्यावं लागतं.

रात्रीचा रोग वेगळ्या जातीचा निघाला. इथे फिजिकलडिस्कचा आकडाही चढलेला: ई ड्राइव्हवर दोनशे मिलिसेकंदांच्या पुढे. म्हणजे कोणी अडवून धरत नव्हतं, डिस्कवर खरंच काम पडत होतं. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये एकूण बाइट्सवर क्रम लावला, तर एजंटची सर्व्हिस कालची बीएके फाइल वाचत होती, त्याच वेळी एसक्यूएल आजची लिहीत होता. पॉलिसीतला साप्ताहिक फुल स्कॅन कोणीतरी रोजचा करून ठेवला होता, वेळ मध्यरात्रीनंतरची, बॅकअपच्या जोडीलाच. फिरत्या डिस्कला सलग लिहिणं जमतं, सलग वाचणंही जमतं. दोन्ही एकदम सांगितलं की हेड इकडून तिकडे धावत राहतं. ७२०० आरपीएमची एक डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० विखुरलेल्या उड्या मारते.

मधूनच फेल होणारा बॅकअप म्हणजे सर्व्हरची इमेज घेणारं दुसरं सॉफ्टवेअर. ते शॅडो कॉपी मागतं, आणि शॅडो कॉपीच्या मर्यादा कडक असतात: लिहिणं थोपवून धरायला १० सेकंद, रायटर्सना (एसक्यूएलसारख्या प्रोग्रामच्या वतीने शॅडो कॉपीशी बोलणाऱ्या घटकांना) गोठून राहायला ६० सेकंद. डिस्क अशी दमलेली असताना ते जमत नाही. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' दिलं की एसक्यूएलच्या रायटरपुढे टाइम्ड आउट दिसतं, बॅकअपच्या लॉगमध्ये ८००४२३एफ२ हा कोड. या कोडवरून एसक्यूएलच्या रायटरची सर्व्हिस रीस्टार्ट करत बसणारे पुष्कळ, त्याने त्या रात्रीपुरतं भागतं. आम्ही फुल स्कॅन गुरुवारी दुपारी नेला आणि इमेजची वेळ एसक्यूएलच्या बॅकअपनंतर दोन तासांनी ठेवली. बीएके फाइल वगळल्यामुळे स्कॅनही आटोपशीर झाला.

एजंटच्या रॅन्समवेअर कवचाने नंतर आपला हिसका दाखवला. जुन्या बॅकअप ओळीने डिलीट करणारा जॉब त्याला विध्वंस वाटला आणि ई ड्राइव्ह भरत गेला. कॉम्प्रेस्ड बॅकअपही अशा कवचाला एन्क्रिप्शनसारखा दिसू शकतो, कारण दोन्हीत डेटा सारखाच विस्कटलेला असतो. स्कॅनचं एक्सक्लूजन या कवचाला लागू नसतं, त्याची परवानगीची यादी वेगळी असते. डिफेंडरमध्ये याच प्रकारच्या संरक्षणाला कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणतात. त्याने अडवलं की डिफेंडरच्या ऑपरेशनल लॉगमध्ये ११२३ ही नोंद येते, डिस्कच्या सेक्टरवर थेट लिहिणं अडवलं तर ११२७, आणि नुसतं ऑडिट मोडमध्ये असेल तर ११२४. नव्या सर्व्हरवर हे आधी काही दिवस ऑडिटवर ठेवून ११२४ मध्ये कोण येतंय ते बघणं शहाणपणाचं.

त्याच कारखान्यात ड्रॉइंग ठेवायला लिनक्सवर सांबाचा (विंडोजच्या पीसींना फाइल शेअर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) फाइल सर्व्हर आहे, तोही एकदा असाच बसला. लोड ॲव्हरेज (चालू आणि खोळंबलेल्या कामांची सरासरी) आभाळाला, सीपीयू रिकामा, डिस्कचं काम दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये डिस्क शांत. लिनक्सवर अल्टिट्यूड वगैरे नाही. तिथे अँटिव्हायरस बहुधा कर्नलच्या फॅनोटिफाय सोयीने 'उघडू देऊ का' हा प्रश्न आपल्याकडे वळवून घेतो. डिमनने, म्हणजे मागे चालणाऱ्या अँटिव्हायरसच्या सर्व्हिसने, उत्तर दिलं नाही तर फाइल मागणारी प्रोसेस डी अवस्थेत, म्हणजे मधेच न तुटणाऱ्या थांब्यात, लटकते, आणि डी अवस्थेतल्या प्रोसेस लोडमध्ये मोजल्या जातात. अडकलेल्या प्रोसेसचा प्रॉक खालचा स्टॅक वाचला की फॅनोटिफायचं नाव दिसतं, तेवढा पुरावा पुरे. डिमन मेला तर कर्नल खोळंबलेल्या सगळ्यांना सोडून देतो. त्रास होतो तो जिवंत पण गुंगलेल्या डिमनचा. आमच्याकडे त्याची आर्काइव्ह उलगडायची टेम्प जागा भरली होती. किल मायनस नाइन दिल्यावर सांबा लगेच सुटला, जागा मोकळी केली, मग डिमन पुन्हा सुरू केला. लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणारा सिस्टिमडी त्याला आपोआप उठवणार असेल तर आधी सिस्टिमडीला थांबवा, नाहीतर तो त्याच भरलेल्या जागेत पुन्हा उठून बसतो.

एजंटच्या सपोर्टला मेल करताना 'सर्व्हर स्लो झाला' असं लिहिलं की उत्तरात 'लेटेस्ट व्हर्जन टाका' येतं. ईटीएल फाइल, फिल्टरांची आधीची आणि नंतरची यादी, एजंट व ड्रायव्हरचं व्हर्जन, आणि उशीर कोणत्या फाइलवर, कोणत्या वेळी झाला हे जोडलं की तिकीट सरळ इंजिनिअरकडे जातं. फिल्टरांची यादी आता दर रिबूटनंतर एका शेड्यूल्ड टास्कने फाइलमध्ये साठते आणि आदल्या यादीशी ताडून बघितली जाते. एजंटच्या नंतरच्या एका अपडेटमध्ये ३६०००० च्या पट्ट्यात एक नवा ड्रायव्हर आला, तो या यादीतच पहिल्यांदा दिसला. रिलीज नोट्समध्ये त्याचा उल्लेख नव्हता.